न्यायमूर्ती ऊसतोडीला गेल्या

आमच्या शाळेत एखाद्या पोराच्या कानफटात द्यायची असेल, तर ती राज्यशास्त्राच्या सरांच्या नजरेआड द्यावी लागे. त्यांच्या देखत हात उचलला की ते दारात उभे राहत आणि अतिशय नम्रपणे विचारत, आरोप काय आहे, तो याला सांगितलाय का, याचं म्हणणं ऐकलंत का. तोवर उचललेला हात अवघडून जाई. पोरगं निर्ढावलेलं असेल तर तेच म्हणे, "सर, माजं म्हननं ऱ्हायलंय." एकदा का पोराचं म्हणणं ऐकलं की मारायची निम्मी गोडी जाते, हे कुठलाही मास्तर सांगेल. आमच्या शाळेत वळ कमी उठत याचं कारण आमची माया नव्हे, सरांची कटकट.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचो. केज तालुक्यातलं बऱ्यापैकी मोठं गाव. शाळा एका संस्थेची आणि संस्था आण्णांची. आण्णा म्हणजे गावचे पुढारी, एकदा जिल्हा परिषदेवर जाऊन आलेले आणि पुन्हा जायच्या तयारीत असलेले. संस्थेच्या कार्यकारिणीत आण्णा, आण्णांच्या मंडळी, दोन मुलं आणि एक मेहुणे. वार्षिक सभा आण्णांच्या जेवणघरात व्हायची आणि पहिली पंगत उठायच्या आत सगळे ठराव एकमताने मंजूर झालेले असायचे. अशा शाळेत सरांनी एकदा चाचणीला प्रश्न काढला होता: 'सत्तेचे विभाजन म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा. आपल्या संस्थेचे उदाहरण देऊ नये.' मुख्याध्यापकांनी ती प्रश्नपत्रिका मान डोलावत मंजूर केली, कारण समोर येईल त्यावर सही करणं हाच त्यांचा स्वभाव होता. सर त्यांना खासगीत राज्यपाल म्हणत.

सर मूळचे पाटोद्याकडचे. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे त्यांच्या जातीचा नक्की पत्ता लागत नसे आणि गावाला त्याचा फार त्रास व्हायचा. हा माणूस कुणाचा हे एकदा कळलं असतं, तर त्याचं संविधानाचं वेड कुठल्या खात्यावर टाकायचं ते ठरलं असतं आणि सगळे निवांत झाले असते. बौद्ध वस्तीतल्या लोकांना वाटे ते आपलेच असणार. मराठ्यांना वाटे, आपला असून बिघडलेला दिसतोय. कुणी आडून आडून विचारलंच, तर सर म्हणत, "तुम्हाला का माहीत करून घ्यायचंय, ते आधी सांगा. मग माझी बाजू मांडतो."

घरी तर विचारूच नका. वहिनी एकदा आमच्या मंडळींना सांगत होत्या, "आमच्याकडं भाजीत मीठ कमी पडलं तरी चौकशी बसती. अहवाल येस्तवर भाजी संपलेली असती." एका वर्षी सहल कपिलधारला गेली. धबधबा जोरात होता. पोरं कपडे काढून तयार, आणि एक पोरगा तेवढा कण्हत म्हणाला की मला थंडी वाजतेय, घरी चला. सरांनी मतदान घेतलं. एक सोडून सगळे पाण्याच्या बाजूने. सरांना हा निकाल पटला, पण बहुमताने एकट्याचा हक्क बुडवता येतो का, हा प्रश्न त्यांना तिथंच, पाण्यासमोर, सविस्तर समजावून सांगावासा वाटला. समजावणं संपलं तेव्हा एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एकही पोरगं भिजलं नाही. परतताना ज्याला थंडी वाजत होती त्यालाच सगळ्यांनी चिमटे काढले, आणि सरांनी त्याचीही नोंद घेतली.

पण मला सांगायचंय ते सरांच्या न्यायालयाचं.

गावात एक न्यायालय आधीपासून होतंच. रोज सकाळी आण्णांच्या ओसरीवर बैठक भरे. बांधाची, पाण्याची, नवरा-बायकोची भांडणं तिथं जात आणि चहा निवायच्या आत मिटत. एकच बाजू ऐकली की निकालाला वेळ लागत नाही, दुसरी बाजू आली की गोंधळ सुरू होतो, असा आण्णांचा अनुभव होता. गावालाही तो मान्य होता, निदान ज्यांची बाजू ऐकली जाई त्यांना.

सरांचं न्यायालय नववीच्या वर्गात भरे, शनिवारी सकाळच्या शाळेच्या शेवटच्या तासाला. जूनमध्ये चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडायचा. नियम वर्गानेच हात वर करून मंजूर केलेले. न्यायाधीशाला मधेच काढायचं नाही, सरांनीसुद्धा नाही. खटला चालू असताना कुणा एका बाजूने त्याला परस्पर भेटायचं नाही. आणि न्यायाधीशावर संशय यायचं कारण नसेल, तर ज्याने जो खटला ऐकायला घेतला त्यानेच तो निकाली काढायचा, मग वर्ष संपो की वर्ग बदलो. "ज्याला काढता येतं, त्याला वाकवता येतं," हे वाक्य सर इतक्यांदा म्हणत की मागच्या बाकावरची पोरं त्यांच्याबरोबरीने म्हणत. न्यायाधीशाला सर स्वतःच्या खुर्चीवर बसवत, आपण खिडकीशी उभे राहत आणि तास संपेपर्यंत त्या पोराला अहो-जाहो करत. घंटा झाली की लगेच, "ऊठ रे, फळा पूस." खटले कसले, तर कुणी कुणाचा कंपास लपवला, कुणी डब्यातलं लोणचं खाल्लं. आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली ती कोमलची. घर ऊसतोडीचं. आई-वडील दिवाळी झाली की टोळीबरोबर जात आणि ती आजीजवळ राहून शाळा करी. बोलणं अगदी कमी. पहिल्या शनिवारी तिने निकाल दिला तो इतक्या हळू आवाजात, की तो ऐकायला वर्ग गप्प झाला. त्या वर्गाला गप्प करणं तोवर आमच्यापैकी कुणालाच जमलं नव्हतं.

गणपतीनंतर कबड्डीच्या पोरांनी तिच्या न्यायालयात तक्रार केली, आणि ती थेट आण्णांविरुद्ध. कारखान्यांचा हंगाम संपला की आण्णांच्या उसाच्या ट्रॉल्या शाळेच्या मैदानावर येऊन उभ्या राहत, त्या पुन्हा टोळ्या निघेपर्यंत. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या तरी पोरांना खेळायला जागा नाही. मुख्याध्यापक घाबरेघुबरे होऊन सरांकडे आले. सर म्हणाले, "मी यात कोण? तक्रार पोरांची आहे, कोर्ट कोमलचं आहे." शिपाई आण्णांच्या ओसरीवर नोटीस घेऊन गेला आणि मार बसला तर पळता यावं म्हणून चपला घालूनच उभा राहिला. आण्णा मात्र पोट धरून हसले. त्यांचा पुतण्या त्याच वर्गात होता. त्याला त्यांनी आपला वकील केलं.

पुतण्याने पहिल्या सुनावणीला सोपा मुद्दा मांडला. मैदान संस्थेचं, संस्था आण्णांची, म्हणून मैदान आण्णांचं. कोमलने विचारलं, "संस्था आण्णांची हाय, हे कुठं लिहिलंय?" पुतण्याने सरांकडे पाहिलं, सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. लिहिलेलं घेऊन ये म्हणून तिने त्याला दिवाळीनंतरची तारीख दिली. संध्याकाळपर्यंत हा प्रश्न गावभर झाला आणि दुसऱ्या दिवशी आण्णा हसायचे थांबले.

टोळीचा मुकादम आण्णांचाच माणूस. दरवर्षी दिवाळी खाऊन निघणारी टोळी त्या वर्षी दिवाळीच्या आधीच निघाली, आणि मुकादमाने कोमलच्या वडिलांना बजावलं, पोरीला संग घ्या, धाकट्याला संभाळाया कुनीतरी पायजे. मैदानावरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरांना जोडल्या गेल्या. त्यातल्याच एकीत, भांडी आणि शेळ्यांच्या मधे बसून, न्यायमूर्ती गेल्या. मुद्देमालच न्यायाधीशाला घेऊन पसार झाल्याचं ते बहुधा पहिलंच प्रकरण असेल. आण्णांनी निरोप पाठवला, मैदान मोकळं झालं, आता कसला खटला.

सरांनी कळवलं, न्यायमूर्ती बाहेरगावी आहेत, त्या आल्यावर बघू. आणि त्या दिवसापासून नववीच्या वर्गातली खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली. शनिवारीच नव्हे, रोज. गुडघे दुखत असतानाही उभ्याने शिकवायचे. मुख्याध्यापकांनी सुचवलं की कोमलचं नाव पटावरून कमी करू आणि आण्णांच्या पुतण्याला प्रभारी न्यायाधीश नेमू. ते स्वतः कित्येक वर्षं प्रभारीच होते, त्यांना यात गैर काही दिसेना. सर म्हणाले, "प्रभारी मुख्याध्यापक चालतो. प्रभारी न्यायाधीश नसतो. त्याचा सगळा जीव कायम होण्यात अडकलेला असतो." मुख्याध्यापक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

इथपर्यंत मला ही सरांची नेहमीची सर्कस वाटत होती. मग एक दिवस कोमलची आजी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. म्हातारी रडत नव्हती, नुसती सांगत होती. तिकडं तळावरच पोरीला स्थळ आलंय, हंगाम सरला की उरकून टाकायचं ठरतंय, आता काय पोरगी शाळंत येत न्हाई. पोर नववीतली. सर ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, रविवारी मोकळे आहात का.

आम्ही एसटीने बार्शीला आणि तिथून जीपने पुढे गेलो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याजवळ उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे टीचभर झोपड्या, उभ्या होत्या, बैलांच्या मधे माणसं. कोमल धाकट्या भावाला कडेवर घेऊन चुलीपुढे बसली होती. वडील नुकतेच ऊस तोडून फडातून आलेले. सरांना बघून ते इतके गोंधळले की कोयता ठेवायचा विसरले. मी आधी बोललो, कारण मला राग आला होता. वयाचा कायदा सांगितला, गुन्हा काय होतो ते सांगितलं.

"कायदा म्हाईत हाय, सर," ते शांतपणे म्हणाले. "मागल्या साली माज्या पुतनीचं झालं, तवा आण्णाच आलते अक्षता टाकाया." मग कोपीकडे हात केला. "हिला दार न्हाई. आमी दोगं अंधारात फडात जातो. तरनी पोर कुनाच्या भरवशावर ठिवू, तुमीच सांगा."

 भूगोलात याचं उत्तर नसतं. वडिलांचं चुकत होतं आणि तरी त्या उघड्या कोपीकडे बघून त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटेना.

सर जमिनीवरच बसले, तसे वडीलही बसले. म्हणाले, "मला दुसरंच सांगायचंय. कोमलपुढं एक खटला चालू आहे. दिवाळीनंतरची सुनावणी वर्गाने पुढं ढकललीय, आता सव्वीस जानेवारीनंतरच्या शनिवारी तारीख आहे."

वडील चमकले. "कोर्टाची तारीख?"

"कोर्टाचीच. पण शाळेतल्या कोर्टाची. पोरांचं कोर्ट आहे ते."

"कोर्ट ते कोर्ट, सर. माज्या बापाची एक तारीख चुकलती बांधाच्या मारामारीत. वारंट निघालं. म्हातारा घरी आला तो खचूनच आला." ते उठून उभे राहिले. "तारीख चुकवायची न्हाई. पोरगी येती."

सरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की या कोर्टाला वारंट काढता येत नाही, पोलीस येत नाहीत, खोटं सांगून मला तिला न्यायचं नाही. जितकं ते सांगत तितकी वडिलांची खात्री पटत चालली. शेवटी तेच चिडले. "तुमी कावून भ्या घालता सर? येती म्हनलं ना. तारीख आसंल तवर आजीपाशी ऱ्हाईल."  आम्ही निघालो तेव्हा कोमलने एवढंच विचारलं, "खुर्ची कुनाला दिली, सर?"

"कुणाला नाही," सर म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये मी खुशीत होतो. सर मात्र गुडघे चोळत बसले होते. बार्शी जवळ आली तेव्हा म्हणाले, आपण न्यायाधीशाला भेटलो, खटला चालू असताना. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एका पोरीचा गळा सुटतोय आणि या माणसाला नियमाची पडलीय, असं वाटून मी केज येईपर्यंत तोंड फिरवून बसलो.

तारखेच्या शनिवारी आण्णा स्वतः आले आणि शेवटच्या बाकावर बसले. कोमल खुर्चीवर होती, उन्हाने काळवंडलेली, बोटांना उसाच्या पात्यांनी चिरा पडलेल्या. पुतण्या उठला. मैदानाचं त्याने काढलंच नाही. सरांनाच साक्षीला बोलावलं आणि विचारलं, खटला चालू असताना तुम्ही न्यायाधीशांना भेटलात का. सर म्हणाले, भेटलो. आमच्या बाजूचं तिथं कुणी होतं का. नव्हतं. असं भेटू नये हे आम्हाला कुणी शिकवलं. "मी," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तरी पुतण्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं, जणू त्यांच्या उभ्या नोकरीत एवढं चांगलं उत्तर कुणी लिहिलं नव्हतं.

पुतण्या म्हणाला, "मग न्यायाधीशांनी खुर्ची सोडावी, एवढीच आमची मागणी."

पोराला कदाचित कळलं नसेल तो काय मागतोय. शेवटच्या बाकावर नक्की कळत होतं. खुर्ची गेली की कोर्टाचं काम संपलं, काम संपलं की वडील तिला घेऊन जाणार, आणि हंगाम सरला की अक्षता.  सर हरकत घेऊ शकले असते. त्यांनी घेतली नाही.

 कोमल नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "सर मला भेटाया आलते, हे खरं हाय. यायला नको हुतं." सरांनी मान हलवली. "पर मला हितनं नेलं, तेबी खरं हाय. एका बाजूनं नेलं, एका बाजूनं आनलं. आता मी मैदानाचा निकाल दिला तर कुनाला खरा वाटंल? म्हनून तेवढा खटला मी सोडते. त्याला दुसरी चिठ्ठी काढा." पुतण्या खाली बसायला लागला, तेवढ्यात ती म्हणाली, "खटला सोडते. खुर्ची न्हाई सोडत. मला काढता येत न्हाई."

सर खिडकीकडे वळून चष्मा पुसत राहिले. मला त्या क्षणी त्यांची, तिची, आणि खरं तर त्या पुतण्याचीही दृष्ट काढावीशी वाटली. आण्णा जाताना म्हणाले, पोरगी हुशार हाय. हा शेरा त्यांच्या तोंडून कुणाच्याच फायद्याचा नसतो.

मैदानाचा निकाल दुसऱ्या चिठ्ठीतल्या पोराने दिला: कबड्डीच्या मैदानावर ट्रॉल्या उभ्या करू नयेत. आण्णांनी निकालाचा आदर राखला. हंगाम संपल्यावर ट्रॉल्या आल्या त्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर उभ्या राहिल्या.

कोमलच्या न्यायालयाला मात्र त्या निकालानंतर अवकळा आली. आधी लोणच्याचा निकाल तासाभरात देणारी ही मुलगी आता सगळ्यांना तारखा देऊ लागली. कंपासच्या खटल्यात म्हणणं सविस्तर पाहिजे. शिव्यांच्या खटल्यात साक्षीदार तयार नाही. सायकलच्या पंक्चरच्या खटल्यात जागेची पाहणी करायचीय. नवा खटला आला की लगेच ऐकायला घ्यायची आणि तसाच ठेवायची. पोरं वैतागली. सर तर फार कष्टी झाले. उशिरा मिळालेला न्याय आणि विटलेलं दूध यात फरक नाही, असं ते वर्षानुवर्षं शिकवत आलेले. त्यांनी न्यायालयात उभं राहून रीतसर हरकत घेतली. कोमलने ती पूर्ण ऐकली आणि सरांना पुढची तारीख दिली.

पाडव्यानंतर टोळी परतली. एका सकाळी कोमलचे वडील धुतलेली टोपी घालून शाळेत आले. सर आणि मी स्टाफरूममध्ये होतो. ते दारातच उभे राहिले.

"सर, झालं का कोर्टाचं? पावनं खोळंबल्यात."

 खोटं सरांना बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. म्हणाले, "न्यायाधीश ती आहे. तिलाच विचारा." मी कोमलला वर्गातून बोलावून आणलं.

"मैदानाचं झालं, बाबा," ती म्हणाली. "बाकीचे हायेत."

"बाकीचे? किती?"

"लई. अन् मी ऐकाया घेतलेले मलाच संपवावं लागत्यात. मधी सोडून जाता येत न्हाई."

वडिलांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "नियम तसा आहे." ते खरंच होतं.

वडील दाराच्या चौकटीला टेकले. "मंग किती वर्सं चालंल म्हनायचं?"

कोमलने ना सरांकडे पाहिलं, ना माझ्याकडे. "बारावीपर्यंत तरी चालंल, बाबा."

मी सरांकडे वळलो. खोळंबलेल्या न्यायावर आयुष्यभर चिडत आलेला तो माणूस स्टाफरूमच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात कुठला तरी देश शोधत होता.

वडिलांनी मनाशी हिशेब केला. कोर्टाची कामं त्यांनी पाहिली होती. "लवकरच उरकतंय की मंग," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना नाही म्हणून सांगायला निघून गेले.